पाणमांजरांच्या किनाऱ्यावरची लेक

माझी लेक जिथं नोकरी करती त्या गावाला रस्ताच जात नाय. कॅनडाच्या पार पश्चिमेच्या टोकाला डोंगर थेट दर्यात उतरलेत म्हणं, अन् त्या डोंगरांच्या सापटीत मूठभर घरं. आधी मोठ्या विमानानं, मंग छोट्या विमानानं, अन् शेवटी बोटीनं जायचं. पहिल्यांदा फोनवर हे ऐकलं तवा मी विचारलं, "मंग एस्टी कुठवर येती?" ती लई हसली. ती हसली म्हणून तोच सवाल मी पुढं वर्षभर विचारीत राहिलो. चौथ्या बारीपास्नं ती हसायची थांबली, पर मला जल्मात एवढा एकच इनोद जमलेला, तो कसा सोडू?

मी चिकलठाण्याचा. धंदा हेड्याचा, म्हणजे बैलांची दलाली. शाळा म्हणाल तर दोन साल, त्यातलं एक साल शाळंच्या भिंतीवर बसून. सही येती, पर सही करताना जीभ बाहेर येती, म्हणून बायको बँकेत माझ्या म्होरं उभी राहती, लोकांना दिसू नये म्हणून. अशा माणसाच्या पोटी ही पोरगी. सात सालाची असताना शाळंनं वेरूळची लेणी बघायला नेली, तर घरी येऊन रडली. म्हणलं, "का गं माय, पाय दुखले का?" तर म्हणती, "आप्पा, एवढं कोरलं ज्यांनी, त्यांची नावं कुठंच नाहीत." मी म्हणलं, "आगं, दिवसाचा रोज मिळाला आसंल की त्यांना." बायकोनं कपाळाला हात लावला.

तवापास्नं तिला तोच नाद. जुन्या काळी कोण कुठं गेलं, काय बोललं, कुणी लिवून ठिवलं, कुणाचं राहून गेलं. शिकत गेली, शिकत गेली, अन् एक दिवस सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशाला निघाली. विमानतळ आमच्या घरापास्नं जवळच. तिच्या बॅगा अन् दोघी मायलेकी रिक्षात, अन् मी रिक्षाच्या मागं पायी, कारण माझी जागा लोणच्याच्या बरण्यांनी खाल्ली व्हती. विमानतळाच्या दारापाशी ती पाया पडली. मी म्हणलं, "स्वेटर घाल गं, तिकडं गारठा आसतो." स्वेटर तिच्या अंगातच व्हता. भर उन्हाळ्यात बिचारी घामानं निथळू राहिली व्हती. येताना बायको रिक्षानं आली, मी चालत. चालत चालत घर सोडून जालना रोडनं पार पुढं गेलो. तिथं पानवाल्यानं हटकलं, "हेडी, कुठं निघाले?" म्हणलं, "घरी." म्हणला, "घर मागं राहिलं की."

तर ती शिकली, अन् मंग त्या बिनरस्त्याच्या गावात एका छोट्या म्युझियममधी तिला काम लागलं. रोज सकाळी आठला तिचा फोन यायचा. हिकडं सकाळ, तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी म्हणायचो, "माय, मी उद्यातून बोलतोय, काय खबर पायजे?" अन् ती मला जुन्या जहाजांच्या गोष्टी सांगायची.

गोष्ट अशी का त्या किनाऱ्याला पाणमांजरं लई व्हती. दर्यात राहणारी, आंगावर केस इतके मऊ अन् दाट का चीनचे सरदार त्या कातड्यापायी जीव टाकायचे. दोनशेच्या वर सालं झाली. ही खबर फुटली अन् इंग्रजांची जहाजं आली. मागून अमेरिकेची आली. वरच्या अंगानं रशियावाले उतरले. स्पेनवाले म्हणले, किनारा आमच्या मालकीचा हाय. सगळे एकमेकांच्या वाइटावर. जो कप्तान येईल तो तिथल्या मूळच्या लोकांना सांगायचा, मागून दुसरं जहाज येतंय, तो चोर हाय, त्याला कातडं देऊ नका.

"आयला!" मी म्हणलं. "हा तर पिशोरचा बाजार."

खरंच सांगतो, मला पुस्तक कळत नाय, पर हे कळलं. पिशोरच्या आठवडी बाजारात माझा एक वैरी व्हता. तोबी हेडी, माझ्याच वयाचा. मी शेतकऱ्याला म्हणायचो, "त्याच्याकडून घेऊ नको, त्याचा बैल कामचुकार, गाडीसकट वढ्याच्या पाण्यात बसतो." तो म्हणायचा, "ह्याच्याकडून घेऊ नको, हाच पाण्यात बसतो." तीस सालं आम्ही दोघांनी अशी भांडून काढली.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत्यात. घेणारा अन् देणारा हातात हात देतो, वरून रुमाल टाकतो, अन् आत बोटं दाबून भाव सांगतो. किती बोटं, कुठल्या पेरावर, ते त्या दोघांनाच मालूम. बघणाऱ्याला दिसतो निसता हलणारा रुमाल. अन् तोंडावर काय दिसू द्यायचं नाय. बैल आवडला तरी आभाळाकडं बघायचं, जांभई द्यायची, तंबाखू मळायची. ज्याच्या तोंडावर गरज दिसली तो मेला. अन् माझी खरी कमाल पुढं हाय. मी सौदा बाजार उठताना करायचो. दिवसभर नाय म्हणायचं, अन् ऊन उतरून समोरचा बैल सोडायला लागला का मंग हात पुढं करायचा. ह्या एका गोष्टीत लोक मला मानत व्हते. बाकी कशात नाय.

तर लेक म्हणली, "आप्पा, इथले लोकही तसेच होते. त्या वेळच्या एका कप्तानाच्या डायरीत आहे. नावा घेऊन जहाजापाशी यायचे, कातडी दाखवायचे, अन् विकायचेच नाहीत. दिवसभर गाणी म्हणायचे अन् परत जायचे. त्यांना पक्कं ठाऊक असायचं, दुसरं शीड दिसलं की ह्या कप्तानाचा जीव खालीवर होणार. मग भाव वाढायचा. तांब्याचे पत्रे, लोकर, लोखंड, मागतील ते. कप्तानानं पानभर शिव्या लिहिल्यात."

मला इतका आनंद झाला का मी चहाच्या टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. म्हणलं, माझी लेक अशा लोकांत राहती जे गोऱ्यांना दिवसभर ताटकळत ठिवायचे. एकानं विचारलं, "पर हेडी, ते पाणमांजर आसतं केवढं?" मला कुठं मालूम. पर एवढी जहाजं आली म्हणजे मोठंच आसंल. म्हणलं, "गोऱ्ह्याएवढं." दुसऱ्या दिवशी लेकीनं फोटो धाडला. पाण्यावर उताणं पडलेलं, मिशावालं, कुत्र्यापेक्षा जरा मोठं. टपरीवर सहा महिने मला विचारायचे, "काय हेडी, गोऱ्ह्यानं आज दूध पेलं का?"

बायकोनं तो फोटो बघितला अन् चष्मा लावून परत बघितला. मादी व्हती. पिल्लाला पोटावर घेऊन पाण्यावर तरंगत झोपलेली. "आगं बया," ती म्हणली, "हिचं कातडं काढलं मेल्यांनी?" अन् मंग फोटो माझ्याकडं देऊन म्हणली, "बगा, जनावराला कळतं लेकराला कुठं ठिवावं. तुम्ही धाडली दर्याच्या पल्याड."

मी काय धाडली? मी तर रिक्षाच्या मागं पायी गेलो व्हतो.

असे चार साल गेले. ह्या चार सालांत पिशोरच्या बाजारात बैल दिसंना झाला. ट्रॅक्टर आला, बैल गेला, हेडी बसून राहिला. माझा वैरीबी लेकाच्या फ्लॅटवर राहायला चिकलठाण्यात आला. भांडायला बैलच राहिला नाय म्हणून आम्ही दोघं रोज टपरीवर एका बाकड्यावर बसायला लागलो. तो माझा चहा प्यायचा अन् म्हणायचा, "तुझा चहाबी पाण्यात बसलाय."

मंग तो सोमवार आला. फोनवर लेकीचा आवाज जरा वेगळाच व्हता. म्हणली, "आप्पा, दोन गोष्टी झाल्यात. आपल्या गावाकडच्या एका कॉलेजात शिकवायला माझी निवड झालीय. अन् इथलं म्युझियम म्हणतंय, अजून तीन वर्षं राहा. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मी सही केली तर तीन वर्षं इथंच. नाही केली तर मी येते." मंग हळूच म्हणली, "आप्पा, तुम्ही सांगा. येऊ का राहू?"

आता बघा. चार साल मी सकाळी सातपास्नं फोन मांडीवर घेऊन बसायचो. संडासला जाताना बायकोला म्हणायचो, "आठाच्या आत आला तर म्हण, धरून ठिव." त्या माणसाला पोरीनं विचारलं, येऊ का. अन् त्यानं काय केलं? त्यानं आभाळाकडं बघितलं. तीस सालांची सवय. म्हणलं, "मला काय विचारतीस, माय? तुझी मर्जी. आम्ही हिकडं मजेत हाओत." एवढ्यावर थांबायचं ना? नाय. वरून इनोद केला. "तुझ्या खोलीत मी कडबा भरलाय."

मंग म्हणली, "बरं केलं, आप्पा. जागा वाया जायला नको." अन् ठिवला फोन.

बायको दारात भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन उभी. "कडबा? आवं, कुठला कडबा? बैल तरी हाय का दावणीला?"

"इनोद केला."

"तिनं येऊ का म्हणून विचारलं अन् तुम्ही इनोद केला?"

"मंग तू सांग ना तिला, ये म्हणून."

"म्या चार साल झाले सांगून राहिले. माझं ऐकून तिचे कान किटले. तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तोंड शिवलंय का तुमचं?"

मी म्हणलं, "आजून शुक्रवार लांब हाय." अन् खरं सांगू का, माझ्या डोक्यात हिशेब पक्का व्हता. आता गप बसायचं. आपण गरज दाखविली तर तिच्या मनावर ओझं. आपण गप राहिलो तर तिचाच जीव खालीवर हुईल अन् ती आपूण व्हऊन म्हणंल, येते आप्पा. अन् नाहीच म्हणली, तर बाजार उठताना आपण हायेच.

मंगळवारी मी हवा-पाण्याचं बोललो. बुधवारी म्हणलं, "एस्टी सुरू झाली का?" कुणीच हसलं नाय. त्याच दिवशी विषय काढायचा म्हणून मी विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या पाणमांजरांचं?"

ती म्हणली, "संपली, आप्पा. इतकी मारली की ह्या किनाऱ्यावर उरलीच नाहीत. आता आहेत ती नंतर दुसरीकडून आणून सोडलेली. अन् जहाजं पण कमी कमी होत गेली. आमच्या इथल्या खाडीत एका वर्षी एकही आलं नाही."

"अन् ते लोक? ते भाव धरून बसलेले?"

"बसले असतील वाट बघत."

"काय म्हणले आसतील?"

"डायरीत ते नाही. लिहिणारा जहाजावर होता ना, आप्पा. जहाजच आलं नाही तर लिहिणार कोण?" मंग म्हणली, "मी तेच काम करते इथं. म्हाताऱ्या माणसांकडं बसते. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी काय सांगितलं ते विचारते. एक आजी आहे, नव्वदीची. रोज म्हणते, लवकर विचार, मी थांबणार नाही."

मला पहिल्यांदाच कळलं का तिकडंबी तिला कुणी धरून हाय. तोवर मला वाटायचं, तिकडं निसती पगाराची नोकरी हाय, पगार म्हणजे काय, सोडता येतो. त्या नव्वदीच्या म्हातारीनं तोंड उघडून सांगितलं व्हतं तिला, बस म्हणून. मी मात्र गप.

गुरुवारी टपरीवर वैऱ्याला सगळं सांगितलं. म्हणलं, शुक्रवारचा बाजार उठताना बोलणार हाय. त्यानं चहा खाली ठिवला.

"तू पोरीशी सौदा करून राहिला का?"

"सौदा कशाचा? मी निसता गप हाय. तोंडावर काय दिसू देत नाय."

"तोंडावर नाय दिसत तुझ्या, कबूल," तो म्हणला. "पर मी तीस साल तुझा हात धरलाय रुमालाखाली. तुझा हात घामेजतो, येड्या. तुला बैल पायजे आसला का तुझ्या हाताला पाणी सुटायचं. मी त्याच्यावर भाव वाढवायचो. तुला काय वाटलं, मी हुशार व्हतो?"

तीस साल मी स्वतःला दगड समजत व्हतो.

"तिनं तुझा हात नाय धरलेला," तो म्हणला. "फोन हाय तिच्या हातात. फोनला घाम कसा दिसणार? जा घरी, अन् सांग तिला."

शुक्रवारी सकाळी सांगायचं ठरविलं. आठला फोन आला. मी "हॅलो" म्हणलं अन् परत आभाळाकडं बघितलं. मनात म्हणलं, आजून तिच्याकडं गुरुवारच हाय, तिचा शुक्रवार संपायला उद्याची दुपार हुईल. उद्या बोलू. हीच ती माझी बाजार उठतानाची कमाल. म्हणलं, "आज जरा घसा बसलाय, माय." ती म्हणली, "हळद-दूध घ्या." मंग म्हणली, "अजून काही बोलायचं होतं का, आप्पा?" म्हणलं, "नाय. उद्या बोलू."

शनिवारी मी सहालाच उठलो. दाढी केली. फोनवर दाढी दिसत नाय हे मला मालूम हाय, तरी केली. बायको म्हणली, "आज बोलणार ना?" म्हणलं, "व्हय." ती स्वयंपाकघरात गेली, पर भांड्याचा आवाज काय येईना.

आठला फोन वाजला. तिला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाय. म्हणलं, "माय, ऐक. खोलीत कडबा नाय. तुझी कॉट हाय तशीच हाय. तुझ्या पुस्तकांवरची धूळ मीच पुसतो, कोणतं कुठं ठिवायचं ते कळत नाय म्हणून मोठ्यावर लहान असं लावलंय. आम्ही मजेत नाहीत. तू ये. मला तू पायजेस घरी. ये."

एका दमात म्हणलं. जल्मात एवढं सरळ मी कधीच बोललो नव्हतो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मंग ती म्हणली, "आप्पा, इथं साडेसात वाजलेत संध्याकाळचे."

"मंग? शुक्रवारच हाय ना आजून?"

"शुक्रवार आहे. पण ऑफिस पाचला बंद झालं. मी पाचला दहा कमी असताना सही केली."

बाजार उठला व्हता. अडीच घंटे झाले व्हते उठून. त्यांच्या हापिसाला पाचला कुलूप लागतं हे तिनं सोमवारीच सांगितलं व्हतं, अन् मी रातचे बारा धरून बसलो व्हतो.

मी म्हणलं, "काल बोललो आसतो तर आली आसतीस?"

आमच्यावरून एक विमान गेलं, त्याचा आवाज संपेस्तोवर दोघंबी थांबलो.

"माहीत नाही, आप्पा," ती म्हणली. "कदाचित तरीही राहिले असते. ती आजी आहे ना. पण मग सही करताना असं नसतं वाटलं, की तिकडं कुणाला मी नकोच आहे."

आता ह्याच्यावर इनोद सुचंना. सुचला आसता तरी केला नसता, निदान तेवढी अक्कल तरी आली.

"नको कशी आसशील," मी म्हणलं.

"परत म्हणा."

"काय?"

"ते. मघाचं."

"ये," मी म्हणलं.

"अजून एकदा."

"ये गं माय."

बायको माझ्या हातातनं फोन घ्यायला आली व्हती. हात पुढं केला अन् तसाच मागं घेतला. माझ्याच बाजूला भुईवर बसली.

आता रोज आठला फोन आला का आधी तेच म्हणतो, मंग बाकीचं. लेक कधी हसती, म्हणती, "आप्पा, इतक्यांदा म्हटलं तर भाव पडेल." म्हणलं, पडू दे. वैरी म्हणतो, तू लई स्वस्त झालास. तीन साल म्हणजे किती, ते मला महिन्यांत कळत नाय. मी आपल्या पद्धतीनं बघतो. आज जे वासरू दुधाच्या दातांचं हाय, त्याला तवर सहा मोठे दात आलेले आसतील, अन् त्याच्या मानंवर कुणी जू ठिवलं आसंल. माझे मात्र आजून चार पडतील. म्हणून बायकोला सांगून ठिवलंय, मला बोळक्या तोंडानं ते एक अक्षर नीट म्हणता येईना झालं, तर तू म्हण माझ्या वतीनं. ती म्हणली, "आवं, तुमचं तुम्हीच म्हणा. मला माझं म्हणायचंय."